कमी बर्फाचा हिवाळा

दरवर्षी डिसेंबर संपत आला की पुण्यातल्या माझ्या ट्रेकिंगच्या मित्रांपैकी कोणाचा तरी फोन येतो आणि प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "यंदा काश्मीरमध्ये बर्फ फारसा पडलेला नाही म्हणे. म्हणजे हिमस्खलनाची भीती कमी असेल ना?" विचारणारा माणूस डोंगराला नवखा नसतो. त्याने सह्याद्रीत वीस-वीस वर्षे काढलेली असतात, पावसाळ्यात कोणत्या घळीत उतरायचे नाही हे त्याला कोणी सांगावे लागत नाही, आणि सह्याद्रीच्या हिशेबाने त्याचा तर्क बरोबरही असतो. आपल्याकडे पाऊस कमी तर दरडी कमी. माळीण काय किंवा इर्शाळवाडी काय, आधी कोसळलेला पाऊस आणि मग सुटलेला डोंगर, हाच क्रम आपल्या मनावर कोरला गेला आहे. बर्फाला हा क्रम लागू पडत नाही. गेली नऊ वर्षे मी हिवाळ्यातले तीन-चार आठवडे गुलमर्गला स्कीइंगसाठी राहतो, आणि त्या मुक्कामांतून माझे ठाम मत झाले आहे की कमी बर्फाने सुरू झालेला हिवाळा हा पुष्कळदा भरपूर बर्फाच्या हिवाळ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो. फोनवर हे नीट समजावून सांगता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे.

डोंगरावरचा बर्फ हा एकसंध ढीग नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर बसतो, पुढचा वर्षाव होईपर्यंत ऊन, वारा आणि थंडी त्या थराचे रूप बदलत राहतात, आणि मग त्यावर नवा थर येऊन बसतो. या सगळ्या थरांच्या तळाशी, जमिनीलगत, तापमान शून्य अंशाच्या आसपास टिकून असते, कारण उन्हाळ्यात जमिनीत मुरलेली ऊब हळूहळू वर येत असते आणि बर्फाचे पांघरूण तिला अडवून धरते. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे पंधरा अंशांपर्यंत सहज गार होतो. बर्फ दोन मीटर जाड असेल, तर पंधरा अंशांचा हा फरक दोन मीटरभर पसरतो आणि दर दहा सेंटीमीटरमागे एक अंशही भरत नाही. तोच बर्फ चाळीस सेंटीमीटर असेल, तर दहा सेंटीमीटरमागे जवळजवळ चार अंशांचा फरक पडतो. सर्वसाधारण नियम असा, की दहा सेंटीमीटरमागे एक अंशाहून जास्त फरक असला की बर्फातली वाफ खालच्या उबदार थरातून वर सरकू लागते आणि वाटेतल्या कणांची घडण बदलून टाकते. एकमेकांना चिकटून घट्ट होत जाणारे बारीक कण मोठे, कोनदार आणि सुटे होतात. असा बर्फ हातात घेतला तर तो पाक न घातलेल्या रव्यासारखा लागतो. मुठीत कितीही दाबला तरी त्याचा लाडू वळत नाही, बोटांच्या फटींतून गळून जातो. मी त्याला रवाळ बर्फ म्हणतो.

कमी बर्फाच्या हिवाळ्याचे मर्म या रवाळ थरात आहे. नोव्हेंबरात किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला हातभर बर्फ पडतो, मग पश्चिमेकडून बर्फ घेऊन येणारे हवेचे विक्षोभ आठवडेच्या आठवडे पाठ फिरवतात, आकाश निरभ्र राहते, आणि २१ डिसेंबरपासून काश्मिरी माणूस ज्याला चिल्ले कलान म्हणतो तो चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ सुरू होतो. खाली खोऱ्यात बर्फ नाही म्हणून हॉटेलवाले हवालदिल असतात. पर्यटक माघारी जातात. उत्तरेकडे तोंड असलेल्या उंच उतारांवर, जिथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम पोचतो, तिथे तो पातळ थर मात्र तसाच पडून असतो आणि रात्रीमागून रात्र त्याचा रवा होत असतो.

याच निरभ्र रात्रींमध्ये दुसरी एक गोष्ट घडते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत दव गोठल्याची छायाचित्रे आपल्या वर्तमानपत्रांत येतात, तेच हिमदव डोंगरावर बर्फाच्या पृष्ठभागावर धरते, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणात. वारा पडलेला असेल तर सकाळी सबंध उतार पिसांसारख्या पातळ, उभ्या स्फटिकांनी झाकलेला दिसतो. उन्हाची तिरीप आली की तो असा चमकतो, की पाहणाऱ्याचे पाय थबकतात. हे स्फटिक उन्हाने किंवा वाऱ्याने मोडले तर प्रश्न मिटतो. ते तसेच उभे असताना त्यांच्यावर पुढचा बर्फ हळुवार पडला, तर मात्र पत्त्यांच्या उभ्या घरावर फरशी ठेवल्यासारखी अवस्था होते, आणि वरून पाहणाऱ्याला ती कळण्याचा काहीही मार्ग उरत नाही.

मग जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत बर्फ येतो. सगळे आनंदतात. दोन-तीन दिवसांत मीटरभर बर्फ पडतो, वारा त्याला डोंगराच्या एका बाजूवरून उचलून दुसऱ्या, आडोशाच्या बाजूवर रचतो, आणि तो दाबून घट्ट करतो. अशा वाऱ्याने रचलेल्या बर्फाला जगभर स्लॅब हाच शब्द वापरतात. हा शब्द आपल्याला घरबांधणीतून चांगला ठाऊक आहे, आणि चित्रही तेच डोळ्यांपुढे आणावे. मुरमाच्या उतारावर नुसताच टाकलेला, खाली खांब नाही की तुळई नाही असा स्लॅब. तो उभा राहतो, कधी कधी कित्येक आठवडे उभा राहतो. एखाद्या ठिकाणी, जिथे तो पातळ आहे तिथे, एका माणसाचा भार पडतो, खालचा रवाळ थर बसतो, ती बसण्याची लाट क्षणात चहूकडे धावते आणि सगळा उतार एकदम सुटतो. आपल्याकडची दरड बहुधा माणसाची वाट पाहत नाही. हिमस्खलनात सापडणाऱ्या स्कीपटूंच्या आणि गिर्यारोहकांच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा ते स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कोणीतरी सुरू केलेले असते. मला या वाक्यात भीतीपेक्षा आशा जास्त दिसते, कारण जे आपल्या पावलाने सुरू होते, ते पाऊल न टाकण्याचा अधिकारही आपलाच असतो.

२०२३-२४ चा हिवाळा मला या संदर्भात नेहमी आठवतो. त्या डिसेंबरात आणि जवळजवळ सबंध जानेवारीत गुलमर्गचे मैदान उघडे, तपकिरी होते. ती छायाचित्रे देशभर फिरली. जानेवारीच्या अगदी शेवटी बर्फ सुरू झाला, फेब्रुवारीत मोठे वर्षाव झाले, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा भरल्या, आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, त्या स्पर्धा चालू असतानाच, गुलमर्गजवळच्या खिलनमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, गुलमर्गच्या वरच्या अफरवत डोंगरावर, हापतखुड भागात, हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले आणि बाकीच्या एकोणीस परदेशी पाहुण्यांना स्थानिक मंडळींनी, पोलिसांनी आणि बचाव पथकांनी सुखरूप खाली आणले. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे केबल कार, माणसाला कोंगडोरी या मधल्या स्थानकाहून जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर अवघ्या काही मिनिटांत नेऊन सोडतो. गोंडोलाच्या समोरच्या मुख्य उतारावर गस्त असते, गरज पडली तर स्फोट करून बर्फ मुद्दाम पाडला जातो. या उताराची हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या पलीकडे, दोन्ही अंगांना पसरलेल्या विस्तीर्ण खोलगट उतारांवर असे काही केले जात नाही. दोरीच्या अलीकडचा आणि पलीकडचा बर्फ डोळ्यांना एकसारखाच दिसतो. निरभ्र आकाश, समोर उत्तरेला नंगा पर्वत, पायाखाली अस्पर्श बर्फ, अशा सकाळी ती दोरी किती क्षुल्लक वाटते हे मी स्वतः अनुभवले आहे.

उताराच्या कोनाबद्दल सह्याद्रीतल्या माणसाला पटकन समजेल अशी एक खूण आहे. बहुतेक स्लॅब तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो, आणि त्याहून सौम्य उतारावर तो सहसा घसरत नाही. आपल्या गडांच्या वाटेवर घसारा ज्या कोनात पडून असतो, पाऊल टाकले की दगडमाती सरकते आणि तरीही माणूस चढून जाऊ शकतो, तो कोन याच पट्ट्यात येतो. म्हणजे कोकणकड्यासारख्या जागा पाहून जी धास्ती आपोआप वाटते ती इथे उपयोगी पडत नाही. जिथे आपल्याला "हे तर चढून जाऊ" असे वाटते, तिथेच खरा धोका असतो. मी कोन मोजण्याचे छोटे साधन नेहमी खिशात ठेवतो, कारण पांढऱ्या उतारावर डोळ्यांचा अंदाज पाच-सात अंशांनी सहज चुकतो, आणि अठ्ठावीस व पस्तीस यांच्यातला फरक इथे सर्वस्वाचा असतो.

केवळ पायाखालचा उतार पाहून भागत नाही, डोक्यावर काय आहे तेही पाहावे लागते. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सात पर्यटकांचा बळी गेला. ते कोणी गिर्यारोहक नव्हते. रस्त्याजवळच्या बर्फात उतरलेली साधी माणसे होती, आणि स्खलन वरून आले. महाराष्ट्रातून दरवर्षी हजारो कुटुंबे नथुला, रोहतांग, गुलमर्ग, सोनमर्ग येथे बर्फ पाहायला जातात. मुलांना बर्फात खेळायला सोडण्याआधी मान वर करून पाहावे, वर झाडे नसलेला पांढरा पट्टा किंवा घळ थेट आपल्या दिशेने उतरत असेल तर गाडी थोडी पुढे घ्यावी, आणि स्थानिक पोलीस किंवा सीमा सडक संघटनेचे लोक जिथे थांबवतील तिथे मुकाट्याने थांबावे, एवढी विनंती मी इथे करून ठेवतो.

आता माझ्या स्वतःच्या एका दिवसाबद्दल. काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, वर्षाव थांबून दोन दिवस झाले होते, ऊन लख्ख पडले होते आणि आम्ही चौघे आमच्या काश्मिरी वाटाड्यासोबत दोरीपलीकडच्या एका उताराकडे निघालो होतो. माझे हे तिसरेच वर्ष होते. एका सपाट जागेवरून जाताना पायाखालून दबका, खोल, "हूं" असा आवाज आला आणि बर्फ बोटभर खाली बसल्यासारखा वाटला. मला तो आवाज आवडला होता, हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो. ताज्या बर्फाचा गुण असेल असे मी समजलो. वाटाड्या मात्र जागच्या जागी थांबला होता. खालचा रवाळ थर आपल्या वजनाने बसला की असा आवाज होतो, आणि त्याच्यासारखी स्पष्ट सूचना डोंगर दुसरी कुठलीही देत नाही. आम्ही सपाटीवर होतो म्हणून तो बर्फ नुसताच बसला. उतार जवळ असता तर ती लाट तिथवर धावत गेली असती. खाली सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाने वरचा उतार सुटण्याची उदाहरणे आहेत.

वाटाड्याने आम्हाला एका छोट्या, सुरक्षित उतारावर नेले आणि जमिनीपर्यंत खड्डा खणायला लावला. सव्वा मीटर खोलीचा तो खड्डा खणायला आम्हाला बराच वेळ लागला. खड्ड्याची भिंत फावड्याने तासून सरळ केल्यावर थर उघडे पडले. वरचे पाऊण मीटर पांढरेशुभ्र आणि घट्ट, त्याखाली उन्हाने बनलेला एक पातळ कडक पापुद्रा, आणि त्याच्याखाली जमिनीपर्यंत करडा, रवाळ, बोट लावताच ओघळणारा बर्फ. मग त्याने नव्वद सेंटीमीटर रुंद आणि तीस सेंटीमीटर खोल असा बर्फाचा खांब चहूबाजूंनी सुटा केला, त्याच्या एका टोकावर फावडे ठेवले आणि त्यावर हाताने थापा मारायला सुरुवात केली. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा, अशी ती पद्धत आहे. कोपरातल्या तिसऱ्या थापेला त्या खांबात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेष उमटली आणि वरचा सगळा भाग ड्रॉवर ओढावा तसा आमच्या मांडीवर आला. कोणी काही बोलले नाही. वाटाड्याने फावडे पुसले आणि म्हणाला, "जनाब, आज ऊपर नहीं।"

या चाचणीबद्दल एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. खांब सुटला तर त्या दिवसापुरता निर्णय झाला, परत फिरायचे. खांब सुटला नाही तर मात्र त्याचा अर्थ उतार सुरक्षित आहे असा घेता येत नाही, कारण पन्नास पावलांवर बर्फाची जाडी वेगळी असू शकते, तिथे एखादा खडक पृष्ठभागाजवळ आलेला असू शकतो, वाऱ्याने वेगळे काही रचलेले असू शकते. एका खड्ड्यावरून सबंध डोंगराला दाखला देणारे लोक मी पाहिले आहेत. ती चाचणीची चूक नाही, आपल्याला हवे तेच उत्तर काढून घेण्याची घाई आहे.

भारतात हिमस्खलनाच्या अंदाजाचे काम संरक्षण संशोधन आणि विकास संघटना करते. १९६९ साली मनाली येथे त्यासाठी स्वतंत्र संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या प्रयोगशाळेत विलीन होऊन डीजीआरई (डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट) या नावाने चंदीगडहून काम करू लागली. तिचे इशारे अमुक जिल्ह्यात, अमुक मीटर उंचीच्या वर, अमुक पातळीचा धोका अशा स्वरूपाचे असतात आणि ते राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणांमार्फत लोकांपर्यंत येतात. सैन्याच्या हालचाली आणि रस्ते यांसाठी हे काम अमोल आहे. एखाद्या विशिष्ट उताराबद्दल मात्र त्यातून निर्णय मिळत नाही, तो तिथे उभ्या असलेल्या माणसालाच घ्यावा लागतो. जगभर धोक्याच्या पाच पातळ्या मानतात, आणि पाचातली तिसरी म्हणजे मधली, म्हणून बरीशी, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीला धोका कैक पटींनी वाढतो. युरोपात सर्वांत जास्त मृत्यू याच तिसऱ्या पातळीच्या दिवशी होतात, कारण चौथ्या आणि पाचव्या पातळीला लोक घरी बसतात.

ज्या घटनेबद्दल लिहिताना मला अजूनही जड जाते ती ४ ऑक्टोबर २०२२ ची. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक ५,६७० मीटर उंचीच्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर असताना स्लॅब सुटला. सत्तावीस मृतदेह सापडले, दोन जण बेपत्ता राहिले. महाराष्ट्रातले कितीतरी गिर्यारोहक याच संस्थेत शिकून आले आहेत, माझे दोन जिवलग मित्र त्याच डोंगरावर दोर बांधून चालले आहेत, आणि म्हणून ती बातमी आली तेव्हा आमच्या गटात दोन दिवस कोणी फारसे बोलत नव्हते. दुरून दोष देण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. मला त्यातून एवढेच दिसते की प्रशिक्षण, अनुभव आणि शारीरिक ताकद यांचा बर्फाखालच्या थराशी काहीही संबंध नसतो.

अंगावर बर्फ आल्यानंतरचा हिशेब फार निष्ठुर आहे. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवरून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर दहापैकी नऊ जण वाचतात. पस्तीस मिनिटांनी हे प्रमाण दहात तीनवर येते. खाली गावातून मदत येण्याची वाट पाहण्याइतका वेळ यात कुठेही नाही. काढायचे ते बरोबरच्या माणसांनीच, आणि त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारा-घेणारा बीकन, पाठीवर बर्फात खुपसून शोध घ्यायची घडीची प्रोब काठी आणि धातूचे फावडे असलेच पाहिजे. तिन्हींपैकी एक जरी नसले तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनवर दहा जवान गाडले गेले होते, त्यांतला एक साताऱ्याच्या माण तालुक्यातला होता. त्या दहांपैकी लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि नंतर रुग्णालयात त्यांनी प्राण सोडले. लोक ते उदाहरण चमत्कार म्हणून सांगतात. इतक्या दिवसांनी माणूस जिवंत मिळणे किती विरळा आहे, यासाठीच ते मला आठवते.

मे महिन्यात खिंडी ओलांडणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. तेव्हा रवाळ थरापेक्षा पाणी महत्त्वाचे. रात्री गोठलेला बर्फ सकाळी पक्का असतो आणि दुपारी उन्हाने भिजून सुटतो, म्हणून पहाटे निघून ऊन चढण्याआधी खिंड पार करायची. आपल्याकडचे बहुतेक गट हे पाळतात.

हिवाळ्यातल्या ठरलेल्या तारखांच्या मोहिमांबद्दल मात्र मला मनापासून काळजी वाटते. रजा मंजूर झालेली, परतीचे तिकीट काढलेले, वीस जणांचा गट, आणि शिखरावरचा फोटो हेच यशाचे माप. एका गटाच्या प्रमुखाला मी वर्षावानंतरच्या सकाळी उत्तरेकडच्या घळीत लोक नेताना पाहिले आणि विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काल दिवसभर ऊन होतं, बर्फ बसलाय आता." ताजा बर्फ एक-दोन दिवसांच्या उन्हाने बसतो हे खरे आहे. त्याच्याखालचा, महिनाभरापूर्वी रवाळ झालेला थर उन्हाला कधी भेटतच नाही. तो टिकतो, कधी मार्चपर्यंत टिकतो, आणि वर पुरेसा जाड बर्फ साठून आतले तापमान एकसारखे झाल्यावरच हळूहळू सावरतो.

म्हणून आता मी नोव्हेंबरपासून एक वही ठेवतो. गुलमर्गला पहिला बर्फ कधी पडला, किती पडला, त्यानंतर किती दिवस आकाश कोरडे राहिले, रात्रीचे तापमान किती होते, वारा कुठून होता, हे तिथल्या मित्रांना विचारून आणि हवामान खात्याच्या नोंदी पाहून लिहितो. फोनवर कोणी यंदाच्या बर्फाबद्दल विचारले की ती वही उघडतो आणि आधी कोरड्या दिवसांचा आकडा सांगतो. त्या फेब्रुवारीत खड्डा बुजवून आम्ही जंगलाच्या धारेने, पंचवीस अंशांहून सौम्य उतार शोधत शोधत खाली आलो. गोंडोलाने काही मिनिटांत चढलेली उंची उतरायला आम्हाला चार तास लागले. कोंगडोरीला पोचलो तेव्हा टपरीवाल्याने नून चहा पुढे केला, आणि वाटाड्याने त्याला पहिली गोष्ट सांगितली ती त्या आवाजाची.